‘इंजिन बसते’ ह्या विधानाचा अर्थ : जुन्या जीपगाडीत डिझेल इंजिन घालण्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींच्या क्षेत्रपाहणीस वाहन हे ध्वनिमुद्रणयंत्राइतकेच आवश्यक साधन आहे. सातपुड्यातील पाड्यांवर किंवा घाटाखालच्या वाड्यांवर एस. टी. जात असली तरी ती बहुधा दिवसातून एकदोन वेळाच जाते. ज्या भाषकांकडे आपण जातो ते दिवसभर शेतात असतात. मुलाखती होतात त्या दिवेलागणीनंतर. परतीचे साधन स्वतःचे नसेल, तर पाहणीचा आराखडा भाषेच्या गरजेनुसार न ठरता गाडीच्या वेळापत्रकानुसार ठरतो.

अशा कामासाठी आपल्या विभागास एका निवृत्त अभ्यासकांची १९६५ सालची, सीजे-३बी ह्या नमुन्याची जीप मिळत आली आहे. तिचे मूळचे पेट्रोल इंजिन आता थकले आहे. धूर होतो, चढावर गाडी ओढत नाही. ते काढून त्याजागी डिझेल इंजिन घालावे, अशी सूचना पुढे आली असून पुढील पाहणीपूर्वी निर्णय व्हावयाचा आहे. ह्या गाडीतून विद्यार्थी प्रवास करतात. म्हणून हा प्रश्न केवळ मालकाच्या हौसेचा किंवा खर्चाचा राहत नाही. त्याचा नीट विचार होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात ह्या निर्णयाची अंगे वेगवेगळी करून मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. ‘बसणे’ ह्या क्रियापदाची चार अधिकरणे

गॅरेजमध्ये ह्या विषयावर जे विधान हमखास ऐकावयास मिळते ते असे : ‘डिझेल इंजिन हिच्यात आरामात बसते.’ विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे. मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद आपला नेमका अर्थ बव्हंशी अधिकरणाकडून घेते. वस्तू जागेत बसते, दाता दात्यात बसतो, खर्च हिशेबात बसतो, आणि एखादी गोष्ट नियमात बसते किंवा बसत नाही. क्रियापद एकच; परंतु अधिकरण बदलले की विधानाची कसोटीही बदलते. जागेची कसोटी मोजपट्टी, जोडणीची कसोटी गतीचे गणित, हिशेबाची कसोटी वर्षाचे अंतर, आणि नियमाची कसोटी नोंदणीपुस्तक.

मिस्त्री ‘बसते’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पहिले अधिकरण असते. ऐकणारा मात्र चारही गृहीत धरतो. ह्या विषयात होणारे अनेक चुकीचे निर्णय ह्या अर्थविस्तारातून निघतात, असे म्हणावयास हरकत नाही. यास्तव चारही अधिकरणे क्रमाने तपासू. तत्पूर्वी मूळ रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे.

३. मूळ रचना

भारतात जीपची जुळणी मुंबईत १९४७ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बी हा नमुना काढला. महिंद्र कंपनीने तो आपल्याकडे दीर्घकाळ बनविला. ह्या गाडीचे बॉनेट पूर्वीच्या जीपपेक्षा उंच दिसते. त्याचे कारण तिचे ‘हरिकेन’ नावाचे इंजिन होय. युद्धकाळातील जीपच्या इंजिनात आवक आणि जावक अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूस, ठोकळ्यातच असत. हरिकेनमध्ये आवक झडपा वर, हेडमध्ये नेल्या आणि जावक झडपा खालीच ठेवल्या. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वाढले. इंजिन बदलले की गाडीही थोडी बदलते, ह्याचा हा मूळ कारखान्यातूनच मिळालेला पुरावा आहे.

हरिकेन इंजिनाची क्षमता २,१९९ घनसेंटिमीटर. ते ४,००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती आणि २,००० फेऱ्यांना सुमारे १५५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, असे निर्मात्याचे आकडे आहेत. (फेरे म्हणजे सर्वत्र दर मिनिटाचे.) दाबाचे प्रमाण ६.९ ला १. त्यामागे तीन गतींची गिअरपेटी, तिच्यामागे २.४६ प्रमाणाचा हलका गिअर असलेली ट्रान्सफर केस, आणि दोन्ही आसांवर ५.३८ प्रमाणाचे डिफरन्शियल. हे सारे आकडे एकमेकांकडे पाहून ठरविलेले आहेत. भाषेच्या व्यवस्थेत एखाद्या घटकाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या गुणांवर नव्हे, तर इतर घटकांशी असलेल्या संबंधांवर ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे. यंत्रालाही ते लागू पडते. सुटे इंजिन चांगले की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. ह्या गिअरपेटीपुढे आणि ह्या आसांवर ते कसे ठरेल, हा पूर्ण प्रश्न होय.

४. ‘ताकद’ ह्या शब्दाची संदिग्धता

डिझेलच्या बाजूने सर्वांत प्रथम दिले जाणारे कारण म्हणजे ‘डिझेलला ताकद जास्त’. येथे ‘ताकद’ हा शब्द दोन भिन्न राशींसाठी वापरला जातो. टॉर्क म्हणजे आसाला पीळ देणारे बल. गाडी ‘ओढते’ असे आपण म्हणतो ते त्याला अनुलक्षून. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ आणि फेरे यांचा गुणाकार. गाडी ‘पळते’ ती तिच्यामुळे. कमी फेऱ्यांवर मोठा पीळ देणारे इंजिन ओढीत सरस आणि पळण्यात बेताचे असू शकते.

ह्याचे उत्तम उदाहरण जीपच्याच इतिहासात आहे. सीजे-५ ह्या पुढच्या नमुन्यात १९६१ पासून पर्किन्सचे ३.१ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन कारखान्यातूनच मिळू लागले. त्याची शक्ती ३,००० फेऱ्यांना ६२ अश्वशक्ती, म्हणजे हरिकेनपेक्षा कमी. परंतु पीळ १,३५० फेऱ्यांनाच सुमारे १९४ न्यूटन-मीटर. ‘डिझेलला ओढ जास्त’ हे वाक्य ह्या इंजिनाच्या बाबतीत निःसंशय खरे आहे. पण त्यासाठी जवळजवळ दीडपट क्षमतेचे इंजिन घालावे लागले, हेही विसरता कामा नये.

आता आपल्याकडे सहज मिळणारी दोन इंजिने पाहू. पहिले, महिंद्रच्या डिझेल जीपमध्ये १९८० च्या दशकात आलेले प्यूजो बनावटीचे २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिन. त्याची शक्ती ४,५०० फेऱ्यांना ६२ अश्वशक्ती आणि पीळ २,००० फेऱ्यांना सुमारे १२० न्यूटन-मीटर. म्हणजे ज्या फेऱ्यांना हरिकेन आपला कमाल पीळ देते, त्याच फेऱ्यांना हे इंजिन त्याहून कमी देते. जुने अमेरिकन आकडे पंखा, डायनामो इत्यादी जोडसामान न लावता मोजलेले असत. तो फरक वजा केला तरी डिझेलची बाजू वरचढ ठरत नाही. दुसरे, ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या कुळातले २,५२३ घनसेंटिमीटरचे, थेट इंधन फवारणारे इंजिन. हे कमी फेऱ्यांचे आहे. साधारणतः ३,००० ते ३,२०० ही त्याची वरची मर्यादा. ओढीच्या दृष्टीने ते अधिक जवळचे; पण त्याचे अन्य परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

मग डिझेल गाडी चालवणाऱ्यास ती अधिक जोरकस का वाटते? एक कारण गव्हर्नर हे होय. मंद फेऱ्यांवर भार वाढला की गव्हर्नर आपोआप अधिक इंधन सोडतो. म्हणून खडकाळ वाटेवर ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवताही गाडी बंद न पडता सरकत राहते. दुसरे कारण असे की, तुलना बहुधा झिजलेल्या पेट्रोल इंजिनाची आणि नुकत्याच दुरुस्त झालेल्या डिझेलची असते. ह्या दुसऱ्या कारणाकडे शेवटी पुन्हा वळू.

५. जागेत बसणे

वरील दोन्ही डिझेल इंजिने त्याच कुळातील गाड्यांतून आलेली असल्यामुळे ती बॉनेटखाली मावतात, हे खरे आहे. तथापि ‘मावते’ ह्याखाली अनेक उपप्रश्न येतात. इंजिनाचे पाये चासीवर नव्याने बसवावे लागतात. ते करताना चासी कापणे किंवा तिला भोके पाडणे टाळता येते काय, हे प्रथम पाहावे. पुढचा आस पाट्यांवर वर येतो तेव्हा तो इंजिनाच्या तेलाच्या सम्पला लागू नये. डिझेल इंजिन सामान्यतः जड असते. पुढचे पाटे दबले की स्टिअरिंगचे कोन बदलतात. म्हणून दोन्ही इंजिने जोडसामानासह वजनकाट्यावर घालून फरक लिहून ठेवावा आणि त्याप्रमाणे पाटे निवडावेत.

काही परिणाम अनपेक्षित ठिकाणी उमटतात. ह्या जीपचे वायपर मूळचे निर्वात दाबावर चालणारे. पेट्रोल इंजिनाच्या आवक नळीत थ्रॉटलमुळे निर्वात निर्माण होतो. बहुतेक डिझेल इंजिनांत थ्रॉटलच नसल्याने तो मिळत नाही. इंजिन बदलून गाडी पावसाळ्यात घाटात नेली आणि वायपर चालेनात, असे होऊ नये म्हणून विजेचे वायपर किंवा निर्वात पंप आधीच योजावा लागतो. डिझेलचे दाबाचे प्रमाण पेट्रोलच्या कित्येक पट असल्यामुळे ते फिरविण्यास मोठा स्टार्टर आणि मोठी बॅटरी लागते. ज्या जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची यंत्रणा आहे तेथे सारे वायरिंग बदलणे आले. रेडिएटर, सायलेन्सर, डिझेलची जादा परत नेणारी नळी, ह्यांचा खर्च प्रारंभीच्या अंदाजात अनेकदा धरलेलाच नसतो.

६. जोडणीत बसणे

येथे थोडे गणित करावे लागेल. ६.०० × १६ ह्या मूळ टायरचा एक फेरा सुमारे २.२ मीटर धरू. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात, ५.३८ ने भागले की चाकाचे फेरे मिळतात. ४,००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर येतो, ३,२०० फेऱ्यांना सुमारे ७८, आणि २,५०० फेऱ्यांना ६१. अर्थात ज्या डिझेलची मर्यादाच ३,२०० आहे, त्यावर ही जीप महामार्गावर ताशी साठाच्या आसपासच सुखाने चालेल. त्यापुढे इंजिन सतत आपल्या मर्यादेजवळ राबेल.

ह्यावर उपाय म्हणून डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ ऐवजी ४.२७ करण्याचा सल्ला दिला जातो. तसे केल्यास ३,२०० फेऱ्यांना वेग पुन्हा ९८ च्या आसपास येतो. परंतु चारही चाकांना गती देताना पुढचे आणि मागचे प्रमाण एकच असावे लागते. म्हणजे खर्च दुप्पट. शिवाय पहिला गिअर २.८०, हलका गिअर २.४६ आणि आस ५.३८ ह्यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो, ४.२७ घेतल्यास तो २९ वर उतरतो. ह्याचा अर्थ, महामार्गावर मिळवलेला वेग आपण खडकाळ चढावरच्या ओढीतून वजा केलेला असतो. ज्या वाटांसाठी गाडी ठेवावयाची त्याच वाटांवर ती उणी पडणार.

तिसरी बाब टिकाऊपणाची. डिझेलमधील प्रत्येक ज्वलनाचा धक्का अधिक तीव्र असतो. चार सिलिंडरी इंजिनात एका फेऱ्यात दोन ज्वलने होतात. ६०० फेऱ्यांवर सेकंदास वीस धक्के गिअरपेटीकडे जातात. जुनी तीन गतींची पेटी पेट्रोल इंजिनाच्या मृदू स्वभावासाठी घडविलेली आहे. क्लच प्लेट, पेटीतील बेअरिंगे आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ह्यांवर वाढता भार येतो. म्हणून इंजिनाबरोबर त्याचीच गिअरपेटी घ्यावी, असे जाणते मिस्त्री सांगतात. ते योग्य आहे. पण मग प्रोपेलर शाफ्टांची लांबी, क्लचची जोडणी आणि गिअरच्या दांड्याची जागा हेही बदलते. एक घटक बदलला की व्यवस्था बदलते ती अशी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. सीजे-३बीचे ब्रेक चारही चाकांस ड्रमचे, निव्वळ पायाच्या जोरावर चालणारे आहेत. पुढे वजन वाढवून ब्रेक तसेच ठेवणे हे विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीत क्षम्य नाही.

७. हिशेबात बसणे

डिझेलचा खरा गुण इंधनाच्या बचतीत आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहाबारा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय अधिक दाब आणि थ्रॉटलचा अभाव ह्यांमुळे तिचा उपयोगही अधिक चांगला होतो. हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू : पेट्रोलवर लिटरला ७ किलोमीटर, डिझेलवर ११, पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ रुपये, इंजिन बदलण्याचा एकूण खर्च २ लाख, मूळ इंजिन पूर्ण दुरुस्त करण्याचा ८० हजार. वाचकांनी आपापले आकडे घालून पाहावे. रीत तीच राहील.

वर्षाला ३,००० किलोमीटर प्रवास असेल, तर पेट्रोलचा खर्च सुमारे ४५,००० आणि डिझेलचा सुमारे २४,८०० रुपये. बचत सुमारे २०,२००. दुरुस्तीपेक्षा जादा होणारा १ लाख २० हजारांचा खर्च भरून निघण्यास सहा वर्षे लागतील. पाटे, ब्रेक आणि वायरिंग धरल्यास आणखी. प्रवास वर्षाला १२,००० किलोमीटर असेल, तर तोच खर्च दीड वर्षात निघतो. म्हणजे ‘परवडते’ ह्या शब्दाला अंतराचा उल्लेख केल्याशिवाय अर्थ नाही. आपल्या पाहण्यांचे अंतर पहिल्या आकड्याच्या जवळचे आहे.

दुसऱ्या पारड्यात आजच्या पेट्रोलचाही विचार घालावा लागतो. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अशा पेट्रोलमधील ऊर्जा लिटरमागे सुमारे सात टक्क्यांनी घटते. ते पाणी शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटे ह्यांना मानवत नाही. म्हणून मूळ इंजिन राखावयाचे ठरल्यास हे सुटे भाग इथेनॉल सोसणारे घालणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. हा खर्च इंजिन बदलण्याच्या मानाने किरकोळ आहे.

८. नियमात बसणे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपुस्तकात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार हे दोन्ही त्या तपशिलांत येतात. संचाच्या साहाय्याने इंधन बदलण्याची तरतूद त्याच कलमात असली, तरी तीही विहित अटींच्या अधीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ काटेकोर लावला; त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. १९७०-८० च्या दशकांत रस्त्यावर सर्रास दिसलेली परिवर्तने हा आज आधार होऊ शकत नाही.

ह्याचा व्यावहारिक परिणाम विम्यावर होतो. नोंदणीपुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीस वाद घालण्यास आयते कारण मिळते आणि भार मालकावर येऊ शकतो. प्रदूषण तपासणीतही पेट्रोल आणि डिझेल वाहनांच्या कसोट्या निराळ्या आहेत. पहिल्यात कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू, दुसऱ्यात धुराची घनता मोजतात. कागद एक आणि यंत्र दुसरे असले की प्रमाणपत्रच निरर्थक होते.

आणखी एक बाजू आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, आणि चासी, बांधणी किंवा इंजिन ह्यांत मोठा बदल न केलेले वाहन ‘व्हिन्टेज’ म्हणून नोंदविता येते. १९६५ च्या जीपला वयाची अट पूर्ण करता येते. इंजिन बदलल्यास ती पात्रता जाते. अशा नोंदणीनंतर वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून आज ती आपल्या उपयोगाची नाही. परंतु पुढे मालकास गाडी जतन करावीशी वाटली, तर तो मार्ग आपण आपल्या सोयीसाठी बंद करणे उचित नव्हे.

९. तुलनेची शिस्त आणि निष्कर्ष

ध्वनिविचारात ‘पार’ आणि ‘फार’ ही जोडी आपण घेतो, कारण तिच्यात एकच घटक बदलतो. म्हणून अर्थभेदाचे श्रेय त्याच घटकास देता येते. इंजिनाच्या तुलनेत हीच शिस्त पाळली जात नाही. झिजलेले पेट्रोल आणि ताजे डिझेल ह्या जोडीत दोन गोष्टी बदलतात : इंधन आणि अवस्था. आपली जीप चढावर ओढत नाही, ह्यावरून पेट्रोल इंजिन नालायक असे सिद्ध होत नाही. साठ वर्षे वापरलेले इंजिन झिजते एवढेच सिद्ध होते. म्हणून निर्णयापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. रिंगा, झडपा आणि कार्ब्युरेटर नवे केल्यावर ही गाडी कशी चालते, ह्याच्याशीच डिझेलची तुलना न्याय्य होईल.

वरील विवेचनावरून पुढील मत बनते. वार्षिक अंतर थोडे असताना, आणि मूळ ठोकळा व क्रँक शाबूत असताना, मूळ इंजिनाची पूर्ण दुरुस्ती हाच योग्य मार्ग होय. वाचलेल्या पैशांतून प्रथम ब्रेक आणि स्टिअरिंग नवे करावे. ठोकळा तडकलेला आढळला किंवा पाहण्यांचे अंतर कित्येक पट वाढले, तरच डिझेलचा विचार करावा. तोही तीन अटींवर : नोंदणी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वी हाती असावी, इंजिन आपल्या गिअरपेटीसह आणि खरेदीच्या कागदांसह घ्यावे, आणि चासी न कापता, पूर्वस्थितीला नेता येईल अशा रीतीने ते बसवावे. परवानगी नाकारली गेल्यास विषय तेथेच संपला असे समजावे आणि पाहणीसाठी भाड्याचे वाहन घ्यावे. उशिरा झालेली पाहणी पुढच्या हंगामात भरून काढता येते.

डिझेल इंजिन ह्या जीपमध्ये बसते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : जागेत बसते, जोडणीत बसविता येते, आपल्या आजच्या हिशेबात बसत नाही, आणि नियमात बसते की नाही हे गॅरेजमध्ये नव्हे, प्रादेशिक परिवहन कार्यालयात ठरते.